उत्पादनाची योजना आणि गाडीचा दर्जा: दोन्ही एकत्र कसे वाचावेत

मोटारप्रेमी एकत्र आले की दोन विषय हटकून निघतात. कोणती कंपनी पुढे कोणती गाडी आणणार, ती कुठे आणि किती बनवणार, हा पहिला विषय. आणि जी गाडी रस्त्यावर आली आहे ती कशी बनली आहे, हा दुसरा. पहिल्या विषयावर बोलताना आपण गुंतवणूक, क्षमता आणि बाजारपेठ यांची भाषा वापरतो, तर दुसऱ्यावर बोलताना पत्रा, रंग, दरवाज्याचा आवाज आणि इंजिनाची खरखर यांची. या दोन चर्चा वेगळ्या ठेवल्यामुळेच दोन्हीकडे चुकीचे निष्कर्ष निघतात, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनानंतर मत झाले आहे. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांचा दर्जा वेगळा असू शकतो, कारण त्या वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या घाईने आणि वेगवेगळ्या पुरवठादारांच्या सुट्या भागांनी जोडल्या गेलेल्या असतात. म्हणून दर्जाबद्दल मत देण्याआधी उत्पादनाची योजना वाचता आली पाहिजे. ती कशी वाचावी आणि तिच्या आधाराने गाडी कशी पारखावी, याची रीत पुढे दिली आहे.

बातमीचे वजन आधी ठरवावे

नव्या गाडीविषयीची प्रत्येक बातमी सारख्या वजनाची नसते. सर्वांत हलकी बातमी म्हणजे प्रदर्शनात ठेवलेली संकल्पना-गाडी. तिच्यामागे उत्पादनाचा कोणताही निर्णय झालेला असेलच असे नाही. त्याहून जड बातमी म्हणजे संचालक मंडळाने ठराविक कारखान्यासाठी मंजूर केलेली गुंतवणूक. आणि सर्वांत जड बातमी म्हणजे पत्र्याचे भाग दाबून घडवणाऱ्या साच्यांची, म्हणजे डायची, ऑर्डर दिली गेल्याची. एका मोठ्या भागासाठी लागणारी डाय कित्येक टन वजनाची असते, एकच भाग पूर्ण आकाराला येण्यासाठी अशा अनेक डायमधून एकापाठोपाठ एक जातो, आणि हा संच घडवून त्याची चाचणी घेण्यात अनेक महिने जातात. तो संच त्या एका गाडीशिवाय दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नाही. त्यामुळे डायवर पैसा खर्च झाला की कंपनीला माघार घेणे फार महाग पडते, आणि त्या क्षणापासून गाडीचा आकारही जवळजवळ ठरून जातो. पुढे “बाजारात येईपर्यंत मागचा भाग बदलतील” अशी आशा बाळगण्यात अर्थ राहत नाही.

पूर्णपणे नवी गाडी कागदावरून कारखान्याबाहेर येण्यास साधारण तीन ते पाच वर्षे लागतात. या काळात तिला कडक थंडी आणि कडक उन्हाळा या दोन्हींत चालवून पाहावे लागते. स्वीडनमधील आर्येप्लूग येथील गोठलेल्या तलावांवर आणि अमेरिकेतील डेथ व्हॅलीच्या उष्णतेत वेषांतर केलेल्या गाड्या त्यासाठीच फिरताना दिसतात. त्यामुळे एखादी गाडी पुढच्या वर्षी येणार असे सांगितले जात असेल आणि तिचे झाकलेले नमुने कुठेच दिसले नसतील, तर तारखेवर विश्वास ठेवू नये. उलट नमुन्यांवर अंतिम दिवे, अंतिम आरसे आणि बंपरचे खरे आकार दिसू लागले असतील, तर उत्पादन जवळ आले आहे असे धरावे.

वाक्याची रचनाही बारकाईने वाचावी. मर्सिडीज-बेंझने २०२१ मध्ये दशकाच्या अखेरीस केवळ विद्युत गाड्या विकण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा त्या वाक्यात “जिथे बाजाराची परिस्थिती अनुकूल असेल तिथे” अशी अट होती. बहुतेक चर्चांत ती अट गळून पडली आणि फक्त वर्ष उरले. २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने ते उद्दिष्ट खाली आणले, तेव्हा शब्द फिरवल्याचा आरोप झाला. वास्तविक पळवाट पहिल्या दिवसापासून वाक्यातच होती. व्होल्व्होने मात्र २०३० पर्यंत पूर्ण विद्युत होण्याचे वचन २०२१ मध्ये अधिक ठामपणे दिले होते, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्लग-इन हायब्रिडना, म्हणजे बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि इंधनाचे इंजिन दोन्ही असलेल्या गाड्यांना, त्यात जागा करून देऊन ते बदलले. म्हणजे ठाम शब्दही पुरेसे नसतात. “विचाराधीन”, “योजना आहे”, “मंजूर झाले” आणि “उत्पादन सुरू झाले” या चार पायऱ्या मनात वेगळ्या ठेवाव्यात आणि मुलाखतीत उच्चारलेल्या वाक्यापेक्षा गुंतवणूकदारांना कायद्याने द्याव्या लागणाऱ्या निवेदनातील वाक्याला अधिक वजन द्यावे.

आकड्यांचा हिशोब स्वतः करून पाहावा

वार्षिक क्षमतेचा आकडा मोठा दिसला की आपण थबकतो, पण त्यामागचे गणित सोपे आहे. मोठ्या कारखान्यात जुळणीच्या मार्गावरून साधारण मिनिटाला एक गाडी बाहेर पडते. आठ तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर दिवसाला ९६० गाड्या होतात, आणि वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर २,४०,०००. विश्रांतीचा वेळ, यंत्रांची देखभाल आणि बंद पडणे वजा केले की प्रत्यक्ष आकडा याहून कमी निघतो. म्हणून एखादी कंपनी एकाच मार्गावरून वर्षाला चार लाख गाड्या काढू असे म्हणत असेल, तर एकच प्रश्न विचारावा: तिसरी पाळी लावणार, की दुसरा मार्ग टाकणार, की मार्गाचा वेग वाढवणार? तीनही उत्तरांचा दर्जावर होणारा परिणाम निराळा आहे. तिसरी पाळी लावली की देखभालीसाठी मिळणारी रात्र जाते. दुसऱ्या मार्गावर नवे हात येतात. वेग वाढवला की प्रत्येक कामगाराच्या वाट्याला येणारे सेकंद कमी होतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कारखान्याचे चार मोठे विभाग असतात: पत्रा दाबण्याचा, सांगाडा वेल्ड करण्याचा, रंगाचा आणि अंतिम जुळणीचा. यांत विस्ताराला सर्वांत अवघड असतो तो रंगाचा विभाग, कारण गंजरोधक लेपाच्या टाक्या, भट्ट्या आणि धूळमुक्त कक्ष यांची लांबच लांब साखळी एकदा बांधली की ती ओढून वाढवता येत नाही. “उत्पादन दुप्पट करणार” या बातमीत रंगाच्या नव्या विभागाचा उल्लेख नसेल, तर मी ती बातमी अर्धीच मानतो.

वेग वाढवण्याची किंमत

इथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण योजना आणि दर्जा यांची खरी गाठ इथेच पडते.

जनरल मोटर्सने १९७० मध्ये ओहायोतील लॉर्ड्सटाउन येथे शेव्हरोले व्हेगा तासाला १०० गाड्या या वेगाने बनवण्यासाठी कारखाना सज्ज केला. एका कामाला कामगाराच्या हाती सुमारे ३६ सेकंद उरले. १९७२ च्या मार्चमध्ये तेथे संप झाला आणि व्हेगाचे नाव गंज आणि इंजिनाच्या तक्रारींशी कायमचे जोडले गेले. गंज आणि इंजिनाचा दोष रचनेतही होता, त्यामुळे सगळे खापर वेगावर फोडणे योग्य नाही. परंतु रचनेतील दोष जिथे पकडले जायला हवेत तो जुळणीचा मार्गच धापा टाकत असेल, तर ते दोष ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचतात.

टेस्लाच्या मॉडेल ३ चे उदाहरण अधिक जवळचे आहे. उत्पादन २०१७ च्या जुलैत सुरू झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस आठवड्याला ५,००० गाड्यांचे उद्दिष्ट होते. ते प्रत्यक्षात २०१८ च्या जूनच्या शेवटी गाठले गेले. मधल्या काळात इलॉन मस्क यांनी स्वतःच अति स्वयंचलन ही चूक होती हे मान्य केले, आणि क्षमता वाढवण्यासाठी कारखान्याच्या आवारात तंबूवजा मांडवाखाली जुळणीचा आणखी एक मार्ग उभारण्यात आला. हा घटनाक्रम ज्याला माहीत आहे तो सुरुवातीच्या मॉडेल ३ मधील पॅनेलच्या असमान फटी आणि रंगाच्या तक्रारी वाचून चकित होत नाही, आणि त्याच तक्रारी पुढील वर्षांच्या गाड्यांना सरसकट चिकटवतही नाही.

केवळ नव्या कंपन्यांनाच हे घडते असेही नाही. फोर्डने २०१९ मध्ये नव्या पिढीची एक्स्प्लोरर शिकागोत बनवायला घेतली तेव्हा हजारो गाड्या दुरुस्तीसाठी आधी मिशिगनमधील फ्लॅट रॉक येथे पाठवाव्या लागल्या होत्या. टोयोटाचे तत्कालीन अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी २०१० च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या समितीपुढे, आपल्या कंपनीची वाढ कदाचित फार वेगाने झाली असावी, अशी भीती बोलून दाखवली होती. दर्जासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने केलेले हे विधान मला या विषयातील सर्वांत मोलाचे वाटते.

म्हणून नव्या गाडीचे उत्पादन संथ गतीने वाढत असेल, प्रतीक्षा लांबत असेल, तर तिला ताबडतोब अपयश म्हणू नये. सुरुवातीचे काही आठवडे दिवसाला मोजक्याच गाड्या काढून प्रत्येक सांधा तपासणे हे अनुभवी कारखान्याचे लक्षण असते. चिंता करायची ती उलट प्रकारात: तारीख एकदा पुढे ढकलली गेली, तरीही वर्षाअखेरचा आकडा तोच ठेवला. मधले सगळे आठवडे मग उरलेल्या आठवड्यांत कोंबले जातात.

“पहिल्या खेपेची गाडी घेऊ नये” या जुन्या सल्ल्याचा विचारही याच अंगाने करावा. हा सल्ला चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. त्याऐवजी त्या गाडीत एकाच वेळी किती गोष्टी नव्या आहेत ते मोजावे: प्लॅटफॉर्म (म्हणजे अनेक मॉडेलांखाली वापरता येणारा सामायिक पाया), इंजिन किंवा बॅटरी, गिअरबॉक्स, सॉफ्टवेअर, कारखाना आणि कामगार. फोक्सवॅगनचा एमक्यूबी प्लॅटफॉर्म २०१२ पासून अनेक गाड्यांखाली वापरला गेला. जुन्या कारखान्यात, मुरलेल्या इंजिनासह, त्याच प्लॅटफॉर्मवर नवे रूप बसवलेली गाडी पहिल्या महिन्यातही बिनघोर घेता येते. त्याच कंपनीच्या आयडी.३ मध्ये मात्र प्लॅटफॉर्म, विद्युत यंत्रणा आणि सॉफ्टवेअर हे तिन्ही एकदम नवे होते, आणि २०२० मध्ये पहिल्या गाड्या काही सुविधा सुरू नसतानाच ग्राहकांना दिल्या गेल्या. सहापैकी एक-दोन गोष्टी नव्या असतील तर काळजीचे कारण नाही. चार किंवा अधिक असतील तर मी निदान एक वर्ष थांबेन.

कारखाना बघावा, देश नव्हे

अमुक देशात बनलेली गाडी चांगली आणि तमुक देशातील कामगार निष्काळजी, असे बोलणे चर्चेत फार सहज येते, आणि ते ऐकताना मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच्या विरुद्धचा पुरावा चाळीस वर्षांपासून उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि वाईट दर्जा यांसाठी कुप्रसिद्ध होता आणि १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला आणि बहुसंख्य जुन्याच कामगारांना परत कामावर घेतले. काही काळातच तेथील गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या बरोबरीला आला. माणसे तीच होती. बदलली होती ती कामाची पद्धत. कोणत्याही कामगाराला चूक दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा, आणि ती चूक वेळेत सुटली नाही तर मार्ग थांबवण्याचा अधिकार मिळाला होता. चूक पुढच्या माणसाकडे ढकलायची नाही, हा नियम साऱ्या कारखान्याचा झाला होता.

तेव्हा एखाद्या मॉडेलविषयी वाचताना कारखान्याचे वय, त्याने आधी काय बनवले आहे आणि तेथे नवी भरती किती झाली आहे, हे प्रश्न विचारावेत. स्वतःच्या गाडीचा कारखाना शोधणे कठीण नाही. चॅसी क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि एक व शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत. पहिली तीन चिन्हे निर्माता आणि प्रदेश सांगतात. जपानमध्ये बनलेल्या गाडीचा क्रमांक जे या अक्षराने आणि जर्मनीतील गाडीचा डब्ल्यूने सुरू होतो. बहुतेक कंपन्या अकराव्या चिन्हात कारखान्याची खूण देतात. दहाव्या चिन्हात मॉडेलचे वर्ष देण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत सक्तीची आहे आणि इतरत्र कंपनीनुसार बदलते, त्यामुळे उत्पादनाचा महिना दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा नोंदणीच्या कागदांत पडताळून पाहावा.

ही माहिती किती निर्णायक ठरते याचे उदाहरण म्हणजे ह्युंदाईचे थीटा २ इंजिन. २०१५ मध्ये कंपनीने २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४,७०,००० सोनाटा गाड्या परत बोलावल्या. अलाबामातील इंजिन कारखान्यात क्रँकशाफ्टला छिद्रे पाडल्यानंतर उरलेला धातूचा चुरा पूर्णपणे साफ झाला नव्हता आणि त्यामुळे तेलाचा प्रवाह अडून बेअरिंग झिजत होते, असे कारण देण्यात आले. टोयोटानेही २०२४ मध्ये टंड्रा आणि लेक्सस एलएक्सच्या एक लाखाहून अधिक गाड्या इंजिनात राहिलेल्या अशाच चुऱ्यामुळे परत बोलावल्या. कागदावर निर्दोष असलेले इंजिन धुण्याच्या एका टप्प्यावर हरते. अशा वेळी “हे इंजिनच वाईट” आणि “या कंपनीत असे होत नाही” ही दोन्ही वाक्ये सारखीच पोकळ ठरतात.

पुरवठादारांची साखळी

गाडीतील बहुतांश भाग कंपनी स्वतः बनवत नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या दाबाचे नियमन करणाऱ्या एका लहानशा व्हॉल्व्हअभावी टोयोटाचे जपानमधील बहुतेक मार्ग काही दिवसांत थांबले. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधील ओनाहामा येथील मर्क या रसायन कंपनीचा कारखाना बंद पडला. रंगाला विशिष्ट चमक देणारे एक रंगद्रव्य जगात फक्त तेथेच तयार होत असल्याने फोर्डसह काही कंपन्यांना ठराविक काळ्या आणि लाल छटांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. २०२१ मधील चिपटंचाईत बीएमडब्ल्यूने काही गाड्या स्पर्शपटलाच्या सुविधेविना आणि जनरल मोटर्सने काही गाड्या आसन गरम करण्याच्या सुविधेविना दिल्या.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने या इतिहासाचा थेट उपयोग करावा. टंचाईच्या महिन्यांत बनलेल्या गाडीतील प्रत्येक बटण दाबून पाहावे, माहितीपत्रकातील यादीशी प्रत्यक्ष गाडी ताडून पाहावी आणि नंतर बसवून देण्याचे आश्वासन दिलेला भाग खरोखर बसवला गेला आहे का, हे सर्व्हिसच्या नोंदींत शोधावे.

सदोष भागाची तुकडी एकाच कंपनीपुरती थांबत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ताकाताच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेटवर चालणारी फुगवणी उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिली की फुटून धातूचे तुकडे उडवत असे, आणि हा भाग डझनाहून अधिक कंपन्यांच्या गाड्यांत होता. शेव्हरोले बोल्टच्या बॅटरीला लागणाऱ्या आगींचे मूळ एलजीने पुरवलेल्या सेलमधील दोन दोषांत सापडले, आणि २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सर्व बोल्ट परत बोलावण्यात आल्या.

दर्जा या शब्दाचे वेगवेगळे अर्थ

दोन माणसे एकाच गाडीच्या दर्जाबद्दल तावातावाने वाद घालतात आणि दोघेही बरोबर असतात, असे वारंवार दिसते, कारण एक जण फिनिशिंगबद्दल बोलत असतो आणि दुसरा टिकाऊपणाबद्दल. सर्वेक्षणे वाचताना तर हा भेद पाळलाच पाहिजे. जे. डी. पॉवर या ग्राहक-सर्वेक्षण संस्थेची प्रारंभिक दर्जाची पाहणी पहिल्या ९० दिवसांतील तक्रारी दर १०० गाड्यांमागे मोजते आणि त्यात पडद्यावरचा मेनू समजायला अवघड जाणे हीदेखील तक्रारच धरली जाते. त्याच संस्थेची टिकाऊपणाची पाहणी तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांची असते. जर्मनीतील ट्यूव्ह या वाहन-तपासणी संस्थांचा अहवाल सक्तीच्या तपासणीतील निकालांवर उभा असतो, त्यामुळे त्यात ब्रेक, दिवे, सस्पेन्शन आणि गळती दिसते, पण आतील प्लॅस्टिकची कुरकुर दिसत नाही. एडीएसी या जर्मन मोटारचालक संघटनेची आकडेवारी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची असते आणि त्यात साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा वाटा सर्वांत मोठा असतो. एनसीएपी या धडक-चाचणी कार्यक्रमाचे तारे अपघातातील संरक्षण सांगतात, जुळणीचा दर्जा सांगत नाहीत. शिवाय चाचणीचे निकष कडक होत जात असल्याने ताऱ्यांसोबत चाचणीचे वर्षही वाचावे.

पत्र्याविषयीचा एक गैरसमज इथेच दूर करतो. बोटाने दाबल्यावर पत्रा आत जातो म्हणून गाडी कच्ची, असा निष्कर्ष काढला जातो. बाहेरचा पत्रा बहुतेक गाड्यांत साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि धडकेत प्रवाशाला वाचवण्याचे काम त्याचे नसतेच. ते काम आतील सांगाड्याचे, विशेषतः तापवून दाबलेल्या बोरॉनयुक्त पोलादी खांबांचे असते. दरवाजा लावतानाचा भारदस्त आवाजही रबर, कुलूप आणि आतील पॅडिंग यांच्या साहाय्याने मुद्दाम घडवलेला असतो.

प्रत्यक्ष गाडी पाहताना तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंनी, घाई न करता पाहावी. पॅनेलमधील फट किती मिलिमीटर आहे यापेक्षा ती वरून खालपर्यंत सारखी आहे का आणि डाव्या बाजूची उजवीशी जुळते का, याला महत्त्व आहे. बंपर प्लॅस्टिकचा आणि शेजारचा भाग पत्र्याचा असल्याने दोन्हींच्या रंगछटेत किंचित फरक पडू शकतो. मात्र दोन धातूच्या भागांत छटा वेगळी दिसली तर तो भाग पुन्हा रंगवला गेला असण्याची दाट शक्यता असते. बिजागरीच्या आणि बॉनेटच्या बोल्टवरील रंग तुटलेला असेल तर तो भाग सैल करून हलवला गेला आहे. दरवाज्याच्या खालच्या काठावरील सीलंटची रेघ अखंड आहे का आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी आहेत का, हे बोट फिरवून पाहावे, कारण गंजाची सुरुवात तिथूनच होते. समान फटी ही कारखान्याच्या शिस्तीची खूण आहे, पण गिअरबॉक्स दहा वर्षे टिकेल याची ती हमी नाही. एकावरून दुसऱ्याचे अनुमान काढू नये.

तक्रारी आणि रिकॉल कसे मोजावेत

पन्नास तक्रारी पाच लाख गाड्यांमागे असतील तर त्यांचा अर्थ एक होतो आणि दोन हजार गाड्यांमागे असतील तर अगदी निराळा. शिवाय ज्याची गाडी सुरळीत चालते तो सहसा लिहीत नाही. म्हणून तक्रारींच्या संख्येपेक्षा त्यांच्यातील साम्य शोधावे: लक्षण तेच, किलोमीटर जवळपास तेवढेच आणि उत्पादनाचे महिने एकमेकांना लागून असतील, तर दहा तक्रारीही पुरेशा आहेत. माझ्या एका गाडीच्या मागच्या दरवाज्यातून सतत खडखड येत असे आणि मी ते संपूर्ण मॉडेलचेच वैगुण्य मानून इतरांनाही तसे सांगत असे. त्याच मॉडेलच्या चार मालकांचे उत्पादनमहिने मांडून पाहिल्यावर लक्षात आले की रबराची पट्टी मध्येच बदलली गेली होती आणि नंतरच्या दोन गाड्यांत तो आवाजच नव्हता. आधी इतक्या खात्रीने बोललो याची रुखरुख मला अजूनही आहे.

रिकॉलची, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावण्याची, संख्याही एकटी काही सांगत नाही. पहिली तक्रार आणि रिकॉल यांत किती काळ गेला, कंपनीने स्वतःहून दोष कळवला की नियामकाने भाग पाडले, आणि उपाय म्हणून नवा भाग बसवला की केवळ सॉफ्टवेअर बदलले, हे तीन प्रश्न विचारावेत. लवकर आणि स्वतःहून केलेला रिकॉल मी दर्जाच्या बाजूने मोजतो.

शेवटचे काम गाडीमालकाच्या स्वतःच्या वहीचे आहे. जनरल मोटर्सच्या कोबाल्ट आणि इतर गाड्यांतील इग्निशन स्विच किल्लीला थोडा धक्का लागताच बंद स्थितीकडे सरकत असे, आणि मग इंजिनासोबत एअरबॅगही निकामी होत असे. २००६ मध्ये तो स्विच आतून सुधारला गेला, पण त्याचा भाग-क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे जुना आणि नवा भाग कागदावर एकच दिसत राहिला, तपास वर्षानुवर्षे भरकटला आणि रिकॉल २०१४ मध्ये झाला. नुकसानभरपाईच्या निधीने पुढे १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले असल्याचे मान्य केले. फरक उघड झाला तो एका पीडित कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने अपघातग्रस्त गाडीतील स्विच आणि नवा विकत आणलेला स्विच शेजारी ठेवून उघडून पाहिले तेव्हा. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये कोणताही भाग बदलला गेला की जुना भाग परत मागावा, दोन्ही भागांवरील क्रमांक, शेवटचे अक्षर आणि उत्पादनाची तारीख यांचे छायाचित्र घ्यावे, आणि त्याखाली गाडीचे किलोमीटर, चॅसी क्रमांकातील कारखान्याची खूण व त्या दिवशीचे लक्षण लिहून ठेवावे.